एकतीस सेंटीमीटर

सिकंदराबादजवळच्या चिक्कडपल्लीतल्या त्या शाळेला दोन वह्यांची खोड आहे. एक रफ, एक फेअर. रफ वहीत खाडाखोड, शाईचे डाग, लोणच्याचं तेल, सगळं चालतं. फेअर वही मात्र चारचौघांत दाखवायची. तिला ब्राऊन पेपरचं कव्हर, तिच्यावर लाल सही, पालकसभेला टेबलावर मांडतात ती तीच. फेअर झाली की रफ वही कुठे जाते, हे शाळा निघाल्यापासून कोणी विचारलेलं नाही. त्यामुळे शाळेची टीम रोबोटच्या स्पर्धेत उतरली आणि आयोजकांनी ‘रोज कोणी काय केलं याची नोंदवही ठेवा, जज ती वाचणार आहेत’ असं कळवलं, तेव्हा भारती टीचरनी क्षणाचाही विचार न करता दोन वह्या मागवल्या.

फेअर करायचं काम वृषालीकडे आलं. नववीतली ही मुलगी डाव्या हाताने लिहिते, पण अक्षर असं की छापलंय वाटावं. पणजोबा वकील, आजोबा शिक्षण खात्यात, तेव्हा घरात अक्षराला मान होता. फक्त तिचं अक्षर इंग्रजी. मराठी ती फाडफाड बोलायची, पण वाचायची वेळ आली की जोडाक्षरापाशी अडायची, आणि हाताने लिहिलेली मराठी तर तिला लागतच नसे. याची तिला लाजही वाटत नव्हती. वर्गात सगळ्यांचंच तसं होतं, एक प्रबुद्ध सोडून.

प्रबुद्ध पाचवीपर्यंत नांदेडला शिकलेला. वडील रेल्वेत, त्यांची बदली झाली आणि घर सिकंदराबादच्या क्वार्टरमध्ये आलं. रफ वही तोच लिहायचा, मराठीत, भराभर, तिरप्या अक्षरात, मध्ये मध्ये चित्रं काढून. ते फेअर वहीत इंग्रजीत उतरवताना वृषाली चित्रांवरून अंदाज बांधायची आणि अडलं की त्यालाच विचारायची. त्याची सांगायची एक तऱ्हा होती. आवाज इतका हळू, की लॅबच्या पंख्याखाली ऐकूच यायचा नाही. म्हणून त्याला काही सांगायचं असलं की तो जवळ यायचा. एक पाऊल, मग आणखी एक.

“कानात शिरतो का रे आता?” चेतन चिडवायचा. चेतन टीमचा बोलघेवडा. जजांपुढे तोंड त्याचंच चालायचं. प्रबुद्ध नुसता हसायचा, आणखी थोडा जवळ यायचा आणि तेच पुन्हा सांगायचा.

खरं सांगायचं तर रोबोट त्याचाच होता. मोटारी आणि चाकं कोटीच्या बाजारातल्या दुकानातून आणली होती, पण ठोकळे उचलणारा पंजा त्याने वडिलांच्या ड्युटीवर न्यायच्या स्टीलच्या तीनपुडी डब्याच्या कड्यांचा केला होता. मोडल्या तर असाव्यात म्हणून बेगम बाजारातून तशाच कड्यांची एक पिशवी आणून ठेवली होती. म्हणून रोबोटचं नाव डबा. डब्याच्या तोंडावर दोन डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर होता. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि तो आदळून परत यायला लागलेल्या वेळेवरून समोरची वस्तू किती सेंटीमीटरवर आहे ते सांगायचा. आकडा पाठीवरच्या छोट्या स्क्रीनवर उमटायचा. खेळ सोपा होता. टेबलावरचे ठोकळे उचलायचे, टेबलाशी उभ्या असलेल्या आपल्या खेळाडूच्या हातात आणून द्यायचे, अडीच मिनिटांत होतील तितके.

ऑगस्टमध्ये प्रबुद्ध तापाने पडला, आणि नावं नोंदवायची शेवटची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली. फॉर्मवर जागा चार, मुलं पाच, सह्या समक्ष हव्या.

“हजर आहेत त्यांची नावं टाकू,” भारती टीचर म्हणाल्या. “तो बरा झाला की पुढच्या वर्षी पहिलं नाव त्याचं. आणि वृषाली, वहीत त्याचं नाव राहिलं तर जज विचारतील हा कोण. तेवढं नीट कर.”

तेवढं नीट करायला वृषालीला दोन दुपारी लागल्या. जिथे जिथे प्रबुद्ध होता, तिथे तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं. चेतनचं किंवा प्रोग्राम लिहिणाऱ्या योगेशचं लिहिता आलं असतं, पण लिहिलं स्वतःचंच, आणि लिहिताना बरं वाटलं, हेही खरं. पंजाच्या पानावर तर तिने एक वाक्य पदरचं घातलं: ही कल्पना मला माझ्या आईच्या स्टीलच्या डब्यावरून सुचली. तिची आई डबा प्लास्टिकचा देते.

आठ दिवसांनी प्रबुद्ध गेला. डेंग्यू होता. प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटं शांतता पाळली गेली. वृषालीला रडू आलं, खूप आलं, पण वहीबद्दल ती कोणाशी बोलली नाही. फेअर वहीवर तोवर सही झाली होती. रफ वही तिने लॅबच्या कपाटात परीक्षानळ्यांच्या खोक्याखाली सरकवली. वहीचं शेवटचं पान चित्राशिवाय नुसतं मराठीने भरलेलं होतं. ते तिने फेअर केलंच नव्हतं. चित्र नाही तर त्यात काय असणार, असा तिचा हिशेब.

शहराच्या फेरीत टीम पहिली आली. आता डिसेंबरमध्ये सिकंदराबादला मोठी फेरी, आणि तिथे जिंकलं की थेट दिल्ली. मुख्याध्यापकांनी दिल्लीची तिकिटं मनातल्या मनात काढूनही टाकली होती.

प्रबुद्ध असताना, शेवटी शेवटी, डबा ठोकळा घेऊन डावीकडे वळायचा, कारण चाचणी घेताना प्रबुद्ध टेबलाच्या डाव्या बाजूला उभा असायचा. ते वळण त्याच्यामागे कोणालाच धड जमेना. म्हणून योगेशने ते काढूनच टाकलं आणि डब्याला पुन्हा पहिल्यासारखं उजव्या कोपऱ्यात यायला शिकवलं. तिथे वृषाली उभी राहायची. शहराची फेरी अशीच जिंकली होती.

नोव्हेंबरच्या एका दुपारी, चार वाजता, लॅबमध्ये लख्ख ऊन असताना, डबा ठोकळा घेऊन डावीकडे वळला.

रिकाम्या बाजूला, टेबलाच्या काठाशी जाऊन तो थांबला. पंजा उघडला. ठोकळा फरशीवर पडून टक्कन वाजला. डबा तसाच उभा राहिला, पंजा उघडा ठेवून. स्क्रीनवर आकडा होता एकतीस.

डाव्या बाजूची भिंत दोन मीटरच्याही पलीकडे होती. मध्ये काही नव्हतं.

“सेन्सर गेला,” योगेश म्हणाला. सेन्सर बदलला. आकडा एकतीस. टेबल खिडकीकडे ओढलं. एकतीस. योगेशने चिडून सगळा प्रोग्राम पुसला आणि कोरा नवा लिहिला, त्यात डावीकडे वळायचा एक शब्द नव्हता. दोन खेपा डबा शहाण्यासारखा उजवीकडे आला, तिसऱ्या खेपेला डावीकडे गेला आणि पंजा उघडून थांबला. चेतनने हसत हसत त्या रिकाम्या जागेत हात घातला. मग तो हात त्याने काढून घेतला, पॅन्टला पुसला, आणि संध्याकाळपर्यंत एकही विनोद केला नाही.

वृषाली आकड्याकडे बघत होती. तो स्थिर नव्हता. एकतीस, तीस, एकतीस. भिंतीचा आकडा असा हलत नाही. तिने स्वतः डब्यासमोर उभं राहून बघितलं होतं. माणूस उभा असला, की त्याच्या श्वासाने एखादा सेंटीमीटर मागेपुढे होतो.

पुढच्या आठवड्यात लॅबच्या दारात सहावीतली एक मुलगी येऊन उभी राहिली. प्रबुद्धची धाकटी बहीण, स्वप्ना. आत यायला तिने परवानगी मागितली, एवढ्याशा आवाजात.

“ताई, दादाची रफ वही इथं राहिली का? आईला त्याचं अक्षर बघायचंय. घरी पुस्तकं आहेत, पण त्यात त्यानं काय लिहिलेलं नाही.”

वही सहा पावलांवर होती. पण ती या पोरीच्या हातात गेली तर आईबाप वाचणार, पंजा कोणाचा ते कळणार, मग फेअर वही कोणीतरी मागणार. वृषालीने हे सगळं एका श्वासात मोजलं. वृषाली हुशार होती, ही गोष्ट वाईट.

“नाही गं,” ती म्हणाली. “रफ वह्या टाकून देतात.”

“बरं,” स्वप्ना म्हणाली, थोडी उभी राहिली आणि गेली.

वृषाली वळली. टेबलावर डबा चालूच राहिला होता, तोंड डावीकडे. आकडा चोवीस होता.

दोन दिवसांनी भारती टीचरनी जजांपुढच्या उत्तरांची तालीम घेतली. पंजा कोणी केला? मी केला. कसा सुचला? माझ्या आईच्या डब्यावरून. “छान. हसून म्हण जरा,” टीचर म्हणाल्या. वृषालीने पुन्हा म्हटलं, हसून. मग तिने डबा चालू केला. अठरा.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की जे कोणी तिथे उभं आहे ते तिथेच उभं नाही. तिच्या प्रत्येक खोट्याला ते एक पाऊल पुढे येतंय. ती भ्यायली. साफ भ्यायली. तिच्या डाव्या अंगाला कोणी आहे असं आता तिला वर्गात, बसस्टॉपवर, जेवताना वाटायला लागलं. प्रबुद्ध कधी कोणावर चिडलेला तिने बघितला नव्हता, म्हणून तो चिडल्यावर काय करेल याचा तिला अंदाजच बांधता येत नव्हता. तो आपल्याला काय करेल, एवढंच ती दिवसभर घोकत होती. आईला सांगावं तर आईला डब्याच्या वाक्यापासून सगळंच सांगावं लागलं असतं.

मोठ्या फेरीच्या सकाळी तिने कपाट उघडलं आणि रफ वही दप्तरात टाकली. ती वही कोणाला दाखवायचं तिच्या मनात नव्हतं. सगळे गेल्यावर बंद लॅबमध्ये ती एकटी पडून राहील, हे तिला सहन होईना, एवढंच.

सिकंदराबादच्या त्या हॉलमध्ये साठ शाळा होत्या. एकसारखे टीशर्ट, ढोल, घोषणा, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, सगळ्यांचा एकच कल्ला. पण जजांची खोली आत होती आणि तिथे दार लावलं की काही ऐकू येत नव्हतं. तीन जज होते. भारती टीचरना नियमाप्रमाणे मागे खुर्चीत बसायचं होतं, बोलायचं नव्हतं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. फेअर वही मधल्या मॅडमच्या हातात होती आणि त्या पानं उलटत खुशीत दिसत होत्या. डबा टेबलावर ठेवला होता. मोटारी बंद, नुसता सेन्सर चालू, तोंड वृषालीच्या डाव्या बाजूला. तिथे कोणी नव्हतं, भिंतीपर्यंत मोकळी फरशी होती.

“हा पंजा मला फार आवडला,” मॅडम म्हणाल्या. “कोणी केला?”

चेतनने हाताने वृषालीकडे दाखवलं.

“मी,” ती म्हणाली. तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेली. अकरा.

“आणि सुचला कसा?”

“माझ्या आईच्या डब्यावरून.”

नऊ. मग कोणी काही न विचारता आठ. मग सहा. सहा सेंटीमीटर म्हणजे कोणीतरी टेबलावर वाकलेलं. म्हणजे तिच्या कानाशी. तिच्या डाव्या गालाला काही लागलं नाही, वारा नाही, गारवा नाही, आणि तेच भयंकर होतं. टीममधली चौथी, केतकी, शेजारी पोस्टर धरून हसत उभी होती. जजही हसत होते. खोलीत तो आकडा दुसऱ्या कोणी बघतच नव्हतं.

“माझी आई प्लास्टिकचा डबा देते,” वृषाली म्हणाली.

मॅडमना कळेना. वृषालीने दप्तर उघडलं, रफ वही काढली आणि टेबलावर फेअर वहीशेजारी ठेवली. “पंजा प्रबुद्धने केला. सगळंच त्याने केलंय. या वहीत त्याचं अक्षर आहे. त्या वहीत मी त्याचं नाव काढून माझं घातलं. तो आजारी होता तेव्हा. नंतर तो गेला.”

“हौली झाली का ही, डोकं फिरलं का,” चेतन ओठांतल्या ओठांत पुटपुटला. योगेशने खाली बघितलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “तिला नाव काढायला मी सांगितलं,” भारती टीचर म्हणाल्या, मराठीत, मग भानावर येऊन इंग्रजीत. बोलायची त्यांना परवानगी नव्हती आणि कोणी त्यांना थांबवलंही नाही.

वृषालीने आकडा बघितला. दोनशे चौदा. समोर भिंत होती.

जज वाईट वागले नाहीत. वहीचे गुण शून्य, क्रमांक मिळणार नाही, पण मुलांना टेबलावर खेळू द्या, असं त्यांनी ठरवलं. डबा सगळ्या खेपा बिनचूक खेळला. एकदाही डावीकडे गेला नाही. परतीच्या बसमध्ये वृषालीशेजारची जागा रिकामीच राहिली. उतरताना चेतन एवढंच म्हणाला, “दिल्ली बघायची होती यार मला.” यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने स्वप्नाला लॅबमध्ये बोलावलं आणि वही तिच्या हातात दिली. “मी खोटं बोलले होते. टाकलेली नव्हती,” ती म्हणाली. स्वप्नाने तिच्याकडे बघितलं, पण रागावली नाही. तिचं लक्ष वहीकडे होतं. दोन्ही हात फ्रॉकला पुसून तिने वही मागच्या बाजूने उघडली. दादाचं सगळ्यात ताजं अक्षर तिला आधी हवं होतं.

“हे तो आजारी पडला त्याच्या आदल्या दिवसाचं आहे,” वरची तारीख बघून ती म्हणाली. “वाचू?”

वृषालीने मान हलवली. स्वप्ना जोडाक्षरांपाशी अडत नव्हती. पुस्तक वाचावं तशी ती खणखणीत वाचत गेली.

“वृषाली डावखुरी आहे. उजव्या कोपऱ्यात उभी राहते तेव्हा तिला हात आडवा टाकावा लागतो. दर ठोकळ्याला दोन सेकंद जातात. ती कधी बोलत नाही, पण तिला त्रास होतो. म्हणून डबा डावीकडे वळवला. ती माझ्याएवढीच उंच आहे, म्हणून मीच तिथे उभा राहून मोजलं. अंतर एकतीस सेंटीमीटर. एकतीसला पंजा उघडतो. ती जागा तिची आहे, मी नुसती धरून ठेवली आहे. तिला अजून सांगितलं नाही. उद्या सांगतो.”

पान संपलं. लॅबमध्ये पंखा फिरत होता. त्याच पंख्याखाली त्याचा आवाज कधी ऐकू यायचा नाही. वृषालीच्या मनात आकडे ओळीने उभे राहिले, एकतीस, चोवीस, अठरा, अकरा, सहा, आणि इतके दिवस जिला ती भ्यायली ती तऱ्हा तिने आता ओळखली. तो रागाने येत नव्हता. त्याला काही सांगायचं असलं की तो असाच जवळ यायचा. तिचा डावा हात आपोआप पुढे झाला आणि टेबलाच्या काठावर टेकला, आणि मग ती तिथेच खाली बसली.

स्वप्ना तिच्याशेजारी फरशीवर बसली. वही छातीशी धरून तिने विचारलं, “मग सांगितलं का त्यानं, दुसऱ्या दिवशी?”

“हौ,” वृषाली म्हणाली. “सांगायला आला होता.”